काळी ठिक्कर पडलेली जुनी चांदी घरी कशी उजळावी?

रानजाई:

गुहागरजवळच्या आमच्या घरातली पत्र्याची ट्रंक परवा उघडली. सासूबाई गेल्यापासून पंधरा वर्षांत तिला कुणी हात लावला नव्हता. आत चांदी आहे हे ठाऊक होतं, पण बाहेर काढल्यावर ती ओळखू येईना. ताम्हन, पळी, पंचपात्र, दोन निरांजनं, अत्तरदाणी-गुलाबदाणीचा जोड, लहान मुलीचे पैंजण आणि आजेसासूबाईंच्या माहेराहून आलेली एक वाटी. प्रत्येक वस्तू वर्तमानपत्रात गुंडाळून वर रबरबँड लावलेला. ताम्हन मधोमध पिवळट, मग तपकिरी आणि काठाला जांभळट निळं झालंय. पंचपात्रावर जिथे रबरबँड बसला होता तिथे काळी रेघ उमटली आहे, नखाने खरवडली तरी हलत नाही. वाटी तर तव्याच्या बुडासारखी काळी.

चिंच लावून पाहिली, लिंबू-मीठ लावून पाहिलं. त्याच चिंचेने शेजारचा तांब्याचा हंडा लख्ख झाला, चांदी मात्र ढिम्म. गावातल्या सराफांनी मशीनवर पॉलिश करून देतो म्हणून सांगितलं. पण वाटीच्या बुडाशी बोट फिरवलं की काहीतरी कोरलेलं लागतं. अक्षरं आहेत, पण वाचता येत नाहीत. मशीनखाली ती पुसली गेली तर कायमची गेली, म्हणून वाटी घेऊन तशीच परत आले.

तीन आठवड्यांनी भाचीच्या मुलाचं उष्टावण आहे. ह्याच वाटीतून पहिला घास भरवावा अशी फार इच्छा आहे. नक्षी आणि अक्षरं न घालवता हा काळेपणा घरच्या घरी काढता येईल का? कुणी स्वतः केलं असेल तर कृपया सविस्तर सांगा.

खडीसाखर:

बारीक चाळलेली रांगोळी, लिंबाचा रस आणि नारळाची शेंडी. आमच्या सासरी गौरींच्या आदल्या दिवशी देवांचे टाक, ताम्हनं, करंडे सगळं अंगणात घेऊन बसायचो, तासाभरात आरशासारखं व्हायचं. पन्नास वर्षं हेच करतेय. जोर लावून घासलंत की काळेपणा निघणारच.

भाकरतुकडा:

टूथपेस्ट वापरू नका, एवढंच सांगायला आले. दात पांढरे करणारी पेस्ट होती, आईच्या पानाच्या डब्याचं झाकण त्याने घासलं. चमक आली, पण उजेडात तिरकं धरलं की कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक ओरखडे दिसतात. चार वर्षं झाली, अजून दिसतात.

दूरदेशी:

मी न्यू जर्सीत असते. आमच्याकडे ॲल्युमिनियम फॉइल आणि खायच्या सोड्याची पद्धत सगळेच वापरतात. भांड्यात फॉइल अंथरायची, त्यावर चांदी, सोडा आणि उकळतं पाणी. पाच मिनिटांत काळेपणा जातो, घासावं लागत नाही. माझ्या जोडव्यांवर आणि मुलाच्या बारशाच्या चमच्यावर दर वर्षी करते. आत नेमकं काय होतं ते मात्र जाणकारांनी सांगावं.

परीघ:

मी बरीच वर्षं कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलं, म्हणून जरा सविस्तर लिहितो. रानजाईताईंच्या वाटीसाठी ते समजून घेणं गरजेचं आहे.

चांदी लोखंडासारखी गंजत नाही. तिचं वैर ऑक्सिजनशी नाही, गंधकाशी आहे. हवेत हायड्रोजन सल्फाइड नावाचा वायू अत्यल्प प्रमाणात असतो. गटारं, खाड्या, कुजणारा पाला, इंधनाचा धूर ह्यांतून तो येतो. चांदीला लागला की वर सिल्व्हर सल्फाइडचा थर धरतो, आणि कोकणासारख्या दमट हवेत तो लवकर धरतो. अंड्याच्या बलकाने चमचा काळा पडतो तो ह्याचमुळे. कांदा, लसूण आणि हिंगातही गंधकाची संयुगं असतात. रबर टिकाऊ व्हावं म्हणून त्यात गंधक घालून ते तापवतात, तेव्हा पंचपात्रावरची ती रेघ रबरबँडनेच काढलेली आहे. वज्रेश्वरी-गणेशपुरीच्या गरम पाण्याच्या कुंडात पैंजण घालून उतरलात तरी हाच अनुभव येईल.

ताम्हनावरचे रंग म्हणजे वेगवेगळे डाग नव्हेत. थर एकच आहे, जाडी वेगवेगळी. साबणाच्या फुग्यावर रंग दिसतात ना, तसं. आधी पिवळा, मग तपकिरी, जांभळा, निळा आणि शेवटी काळा. सुरुवातीचा पिवळा थर केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाहूनही पातळ असतो.

आता चिंचेचं. तांब्यावरचा काळपट थर मुख्यतः ऑक्साइडचा, तो चिंचेतल्या आम्लात विरघळतो. सिल्व्हर सल्फाइड अशा सौम्य आम्लाला दाद देत नाही. म्हणून हंडा उजळला आणि वाटी तशीच राहिली, तुमच्या हातून काही चुकलं नाही. रांगोळीने जे निघतं ते लिंबामुळे निघत नाही, रांगोळीच्या खरखरीतपणामुळे निघतं. रांगोळी म्हणजे दगडाची पूड, आणि चांदी फार मऊ धातू.

ह्यातली खरी गोष्ट अशी की त्या काळ्या थरात वजनाने सुमारे ८७ टक्के चांदीच आहे. घासून काढला की ती चांदी मोरीत जाते. ॲल्युमिनियमच्या पद्धतीत ती जागेवरच राहते. ॲल्युमिनियमला गंधकाची ओढ चांदीपेक्षा जास्त. सोड्याच्या गरम पाण्यात दोन्ही धातू एकमेकांना टेकले की छोटी विद्युतघटमाला तयार होते, गंधक चांदीला सोडतो आणि चांदी पुन्हा चांदी होते. खायचा सोडा ॲल्युमिनियमवरचा पातळ कवचासारखा थरही काढतो, त्याशिवाय क्रिया सुरूच होत नाही. कुजक्या अंड्याचा वास येईल तो सुटलेल्या हायड्रोजन सल्फाइडचा. खिडकी उघडी ठेवा.

कृती: आधी भांडं साबणाच्या कोमट पाण्याने धुवा, तुपा-तेलाचा ओशट हात असेल तर काही होणार नाही. एक लिटर उकळत्या पाण्याला दोन मोठे चमचे खायचा सोडा घ्या. सोडा आधी भांड्यात पसरा आणि पाणी हळू ओता, फसफसून वर येतं. चांदी फॉइलला टेकलीच पाहिजे, नुसती पाण्यात बुडून उपयोग नाही. पाच मिनिटांनी काढा, धुवा, पाहा. राहिलं असेल तर नवी फॉइल आणि नवं गरम पाणी. जुना थर दोन-चार फेऱ्या मागतो. मीठही घालतात काही जण, मी घालत नाही, कारण मिठातला क्लोराइड चांदीला बाधतो. लिंबू-मीठ लावलं होतंत ना, तर आधी ते मीठ भरपूर पाण्याने धुऊन काढा.

सागरगोटा:

परीघ, फॉइलऐवजी माळ्यावरचं जुनं जर्मनचं पातेलं चालेल का? आमच्या घरी जर्मन म्हणजे ॲल्युमिनियम.

परीघ:

चालेल, उलट सोयीचं. पातेलंच फॉइलचं काम करेल. फक्त नंतर त्यात स्वयंपाक करू नका. आणि ह्या जर्मनचा 'जर्मन सिल्व्हर'शी घोटाळा नको. जर्मन सिल्व्हर म्हणजे तांबं, निकेल आणि जस्त, चांदी त्यात नावालाही नसते.

हातोडी:

आमच्या घरात तीन पिढ्या चांदीचं काम आहे, मूळ कोल्हापूरजवळच्या हुपरीचे. वर सांगितलेली पद्धत बरोबर आहे, पण ट्रंकेतली प्रत्येक वस्तू तिला देऊ नका. वस्तू हातात घेऊन आधी तपासायची, मग ठरवायचं.

वाटी, ताम्हन, पळी एका पत्र्याची असतील तर बिनधास्त सोड्यात घाला.

गुलाबदाणी हलवून बघा आणि बुडावर बोटाने टिचकी मारा. आवाज खणखणीत न येता बद्द आला तर आत लाख किंवा राळ भरलेली आहे. उभी राहावी म्हणून बुडात भर घालतात, पोकळ दांड्यांतही भरतात. गरम पाण्यात लाख मऊ होते, पत्रा आत बसतो, आणि सांध्यातून पाणी शिरलं की आतून काळं पाणी महिनोन्महिने पाझरत राहतं. असलं काम माझ्याकडे नेहमी येतं, आणि पत्रा पूर्ववत करणं अवघड असतं. लाख भरलेली, लाकडावर मढवलेली, मोती, खडे किंवा मीना असलेली वस्तू बुडवायचीच नाही.

पैंजण नीट पाहा. काही कामांत नक्षीच्या खोलगट भागात मुद्दाम काळेपणा धरवलेला असतो, त्यामुळे फुलापानांना उठाव येतो. सोड्याचं पाणी चांगला काळा आणि वाईट काळा असा भेद करत नाही. सगळं पांढरं झालं की नक्षी सपाट दिसते आणि गिऱ्हाईक म्हणतं झिजली. अशा पैंजणांना फक्त रिठा. चार-पाच रिठे रात्री कोमट पाण्यात भिजत टाका, सकाळी कुस्करून गाळा, लहान मुलांच्या मऊ ब्रशने हलक्या हाताने धुवा. आमच्या पेढीवर आजही रिठ्याचं पाणी तयार असतं. घुंगरांत पाणी अडकतं, तेव्हा कापडावर झटकून पंख्याखाली पूर्ण वाळवा.

हिरवट डाग दिसला तर तो चांदीचा नाही, चांदीत मिसळलेल्या तांब्याचा. ९२५ ची चांदी म्हणजे हजारात ९२५ भाग चांदी, उरलेलं बहुतेक तांबं. जुन्या वस्तूंत सांध्यांना, झाळलेल्या जागी हिरवं जास्त येतं. तिथे लिंबाचा रस कापसाच्या बोळ्याने मिनिटभर लावून लगेच धुवायचा. चिंच-लिंबाचं काम तेवढंच.

मशीनच्या पॉलिशबद्दल ताई अगदी योग्य वागल्या. चाक फिरलं की उठावाचा भाग आधी जातो, आणि कोरलेली अक्षरं प्रत्येक वेळी थोडी उथळ होतात. पॉलिशला द्यायचंच असेल तर हाताने उजळून मागा, देताना आणि घेताना वजन समोर करून घ्या.

नीलमोहर:

बाजारात बाटलीतलं द्रावण मिळतं, बुडवलं की क्षणात पांढरं. ते कसं?

परीघ:

त्यात बहुधा थायोयुरिया आणि आम्ल असतं. सल्फाइड विरघळून जातं, म्हणजे तेवढी चांदी पाण्यात जाते. जास्त वेळ राहिलं तर पृष्ठभाग खडबडीत होतो आणि पुढच्या वेळी आणखी लवकर काळा पडतो. थायोयुरिया पोटात जाऊ नये असा पदार्थ आहे. बाळाला भरवायच्या वाटीला ते अजिबात नको.

सागरगोटा:

माझं निरांजन सोड्याच्या पाण्यात तीन वेळा घातलं, वातीच्या बाजूचं काळं तसंच आहे. फॉइलचं कुठे चुकतंय?

हातोडी:

ते सल्फाइड नाही, जळलेल्या तुपाची काजळी आहे. आधी कढत पाणी आणि भांडी धुण्याचा साबण, अर्धा तास भिजू द्या, मग लाकडी दातकोरणीने अलगद सोडवा. खाली जे राहील त्याला सोड्याचं पाणी.

रानजाई:

सगळ्यांचे मनापासून आभार. काय काय केलं ते लिहिते.

गुलाबदाणीला टिचकी मारली. बद्द आवाज! अत्तरदाणी मात्र खणखणली. गुलाबदाणी बाजूला ठेवून दिली, तिला पाण्याचा थेंब लावलेला नाही.

आधी पळीवर करून पाहिलं. सोडा फसफसला, पाठोपाठ तो वास आला. फॉइलला टेकलेल्या जागेपासून पांढरेपणा पसरत गेला, कागदावर पाणी पसरतं तसा. पाच मिनिटांनी पळी बाहेर काढली तर अर्धी चांदी, अर्धी तपकिरी. दुसऱ्या फेरीत उरलेली उजळली. फॉइल करडी, निस्तेज होऊन गेली होती.

मग वाटी. पहिल्या फेरीने काळ्याचं तपकिरी झालं, बाकी काही नाही. दुसऱ्या फेरीत कड उघडी पडली. तिसऱ्या वेळी ती पालथी ठेवायची सोडून सुलटी ठेवली, म्हणजे बूड नीट फॉइलला टेकलं. चौथ्या फेरीनंतर पाण्याखाली धरली तेव्हा बुडावरची अक्षरं दिसली. हल्लीच्या मशीनसारखी सलग रेघ नाही, एकेक टिंब ठोकून काढलेली अक्षरं. 'मावशीकडून' आणि त्याखाली 'शके १८७४'. 'शी'ची वेलांटी थोडी घसरली आहे, ठोकणाऱ्याचा हात सरकला असावा. शके १८७४ म्हणजे १९५२ किंवा ५३ साल. आजेसासूबाईंच्या मावशीबद्दल घरात आजवर कुणालाच काही माहीत नव्हतं. नवऱ्याला हाक मारली, तो वाटी हातात धरून किती तरी वेळ खिडकीपाशी उभा होता.

एक प्रश्न. वाटी पांढरी झाली, पण चकाकी नाही, दुधी मंद दिसते. हे ठीक आहे ना?

परीघ:

हे वाचून फार आनंद झाला. दुधी दिसणं अगदी अपेक्षित आहे. गंधक निघून गेल्यावर मागे राहिलेली चांदी सूक्ष्म पातळीवर स्पंजासारखी असते, प्रकाश विखुरते. खडूची वस्त्रगाळ पूड घ्या, दोन-चार थेंब पाण्यात सायीइतकी पातळ कालवा, जुन्या मलमलीच्या किंवा धोतराच्या तुकड्याने हलकेच फिरवा. जुनी वस्तू जतन करणारेही बारीक खडूच वापरतात, कारण तो मऊ असतो. एकाच दिशेने, सरळ. अक्षरांवरून फिरवू नका, ती तशीच राहू द्या. नंतर भरपूर पाण्याने धुऊन लगेच कोरडी करा.

खडीसाखर:

रानजाई, तुझं वाचून मी आमचे टाक देव्हाऱ्यातून खाली घेऊन उजेडात पाहिले. खंडोबाचा घोडा कळतो, पण देवीचं नाक-डोळे गेले आहेत. चेहऱ्याच्या जागी गुळगुळीत उंचवटा उरलाय. लग्न होऊन आले तेव्हा तिची नथ दिसायची, हे मला नीट आठवतं. मी आजवर समजत होते की पंचामृताने आणि रोजच्या हाताने झिजलं. ते असेलच, पण दर वर्षीची रांगोळीही माझ्याच हातची. आता उरलेल्या टाकांना सोडा चालेल का? मागे तांब्याचा पत्रा आहे.

हातोडी:

आजी, तांब्याचा पत्रा असेल तर बुडवू नका. दोन पत्र्यांच्या मध्ये पाणी राहतं. खडूची पातळ पूड कापसाने नुसती टेकवून घ्या, घासू नका, ओल्या कापसाने पुसा, कोरडं करा. थोडा काळेपणा खोबणीत राहिला तर राहू द्या, डोळे-नाक त्यानेच उठून दिसतात. देवीचा टाक बदलायचा रिवाज आहेच, झिजला की नवा घडवून घेतात. पण नवा घडवताना जुना सोबत न्या. तुमच्या घराण्यात देवी कशी बसली आहे, हातात काय आहे, ते कारागिराला त्यावरून कळतं.

खडीसाखर:

नेते. आणि रांगोळी आता फक्त उंबऱ्यापुढे.

दूरदेशी:

उजळलेली चांदी ठेवायची कशी तेही लिहा ना कुणी. इथे आम्ही घट्ट बंद होणाऱ्या पिशव्यांत ठेवतो.

परीघ:

पूर्ण कोरडी करून, धुतलेल्या पांढऱ्या मलमलीत गुंडाळून मग हवाबंद पिशवीत. आत सिलिका जेलची पुडी टाकली तर दमटपणा कमी राहतो. वर्तमानपत्र, रबरबँड आणि लोकरीचं कापड नको, लोकरीतही गंधक असतो. स्वयंपाकघरात मसाल्याच्या डब्यांशेजारी ठेवू नका, विशेषतः हिंगाच्या. आणि रोजच्या वापरातली चांदी सहसा काळी पडतच नाही. रोज धुतली-पुसली जाते, थर जमायला वेळच मिळत नाही.

रानजाई:

परवा उष्टावण झालं. खिरीचा पहिला घास मावशीच्या वाटीतून, मामाच्या मांडीवर. आदल्या रात्री वाटी साध्या पाण्यात दहा मिनिटं उकळून घेतली होती. जेवणं झाल्यावर सगळ्यांनी ती पालथी करून टिंबं मोजली.

वाटी भाचीला देऊन टाकली. ट्रंकेत पुन्हा ठेवायची नाही, रोज बाळाला त्यातूनच भरव, असं सांगितलंय. सध्या सकाळी नाचणीची पेज, संध्याकाळी मऊ भात. गुलाबदाणी पुढच्या महिन्यात कोल्हापूरला जाणं आहे तेव्हा हुपरीला घेऊन जाईन, हातोडीदादा, पत्ता निरोपातून कळवा.

परीघ:

वा! बाळाला अनेक आशीर्वाद. अंडं सुरू कराल तेव्हा तेवढं स्टीलच्या वाटीत द्या.